रिनोव्हेशनची खरमाती दारातून हलत नाही? अडते कुठे आणि करायचे काय

कोल्हापुरात घराची दुरुस्ती काढली की काम संपता संपता एक तक्रार हमखास येते. गवंडी फरशी बसवून दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि दारात खरमातीचा, म्हणजे फोडलेल्या विटा-टाइल्स-मसाल्याचा, ढीग तसाच पडून असतो. घंटागाडीवाला त्याला हात लावत नाही. ट्रॉलीवाला 'उद्या येतो' म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. ढिगावर रात्रीत कुणीतरी फाटकी गादी आणून टाकतो. तेवढ्यात एखादा वळीव पडला की निम्मा ढीग गटारीत जातो आणि गल्लीतले सगळे तुमच्या दारात जमतात.

मी दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. पेठांतले जुने वाडे, राजारामपुरीतले बंगले आणि उपनगरांतले फ्लॅट अशी तिन्ही प्रकारची कामे माझ्याकडे असतात. घरे वेगवेगळी असली तरी ढीग अडण्याची कारणे तीच निघतात. किती माल निघणार हे कुणी मोजलेले नसते. फोडताना सगळे एकात एक मिसळलेले असते. आणि ते कुठे जाणार हे ठरलेले नसते. ढीग साचल्यावर धावाधाव करून यातले एकच दुरुस्त होते, तेही दुप्पट पैशात. म्हणून पहिला घाव घालण्याआधी हे वाचा. ढीग आधीच साचला असेल तर माल वेगळा करण्याच्या भागापासून सुरुवात करा.

"जातंय की ओ ते, मालक"

खरमातीचे काय, असे मिस्त्रींना विचारले की हे उत्तर येते. त्यात फसवणूक नसते. ते खरेच कुणाला तरी सांगणार असतात. पण अंदाजपत्रकात 'तोडफोड, खरमातीसह' अशी एकच ओळ आणि एकच रक्कम असते. गाडीवाल्याला फेरीमागे पैसे मिळतात, म्हणजे फेरी जितकी जवळ तितका त्याचा फायदा. मग माल जयंती नाल्याच्या काठाला, पंचगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला नाहीतर एखाद्या मोकळ्या प्लॉटवर उतरतो, आणि तोही अंधार पडल्यावर.

याची किंमत आपण सगळे भरतो. जयंती नाला शहराच्या मधून पावसाचे पाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदी तिथवर आली की नाल्याचे पाणी नदीत जायचे थांबते आणि उलटे शहरात पसरू लागते. तेव्हा नाल्याचे पात्र जितके रुंद आणि खोल असेल तितके पाणी त्यात मावते. काठावर ओतलेली प्रत्येक ट्रॉली ती जागा खाते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. शिवाय हे गाव तळ्यांचे होते. आजचे गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ आणि कपिलतीर्थ मार्केट जिथे आहे तिथेही तळे होते. तळे बुजले तरी पाण्याला ती जागा आठवते. पावसाळ्यात गांधी मैदान पाहिले की पटते.

कायद्याचे सांगायचे तर २९ मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम काढले. त्यांत माल वेगळा करणे, आपल्या आवारात ठेवणे, नेमून दिलेल्या जागी पोचवणे आणि रस्ता किंवा गटार अडू न देणे ही जबाबदारी ज्याच्या कामातून कचरा निघतो त्याच्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त माल काढणाऱ्यांना आधी आराखडा मंजूर करून घेण्याचे बंधन घातले. २०२५ मध्ये नवे नियम आले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतील असे ठरले, आणि त्यांचा मुख्य रोख २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. घरमालकाने एवढेच लक्षात ठेवावे की माल मिस्त्रींनी टाकला तरी घर तुमचे असते.

किती निघेल, ते आधी मोजा

गाडीवाल्याशी बोलताना 'थोडीच आहे' असे म्हणू नका. ब्रासमध्ये बोला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पक्के बांधकाम फोडले की ते फुगते, साधारण दीडपट होते. हिशेब असा करायचा:

१० बाय १० फुटांची साडेचार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह अर्धा फूट जाड धरा. ५० घनफूट पक्के, फोडल्यावर ७५, म्हणजे पाऊण ब्रास. तीच भिंत नऊ इंची असेल तर सव्वा ब्रासच्या वर. पेठेतल्या वाड्याची दोन फुटी दगड-मातीची भिंत असेल तर त्याच मापात तीन ब्रास, पण तिचा दगड वेगळा निघतो आणि तो कुणीही नेतो. १० बाय १२ च्या खोलीची फरशी खालच्या मसाल्यासकट काढली की अर्ध्या ब्रासच्या आसपास.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते बाथरूमच्या बाबतीत. ४ बाय ७ फुटांची खोली ती केवढी, असे वाटते. पण भिंतींच्या टाइल्स, मागचा मसाला आणि मुद्दाम खोल ठेवलेल्या स्लॅबमधली फूटभर भरणी काढली की त्या एकट्या खोलीतून पाऊण ब्रासच्या जवळपास माल निघतो. दोन बाथरूम म्हणजे दीड ब्रास.

आता वजन. एक ब्रास मिश्र खरमाती साडेतीन ते चार टन भरते. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासचे वाहन आहे, म्हणजे ब्रासला पाच फेऱ्या. गाडीवाला दोनच फेऱ्यांत उरकतो म्हणाला तर गाडी किती लादली जाणार आणि रस्त्यावर किती सांडणार ते समजून घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल जातो, पण शिवाजी पेठेतल्या किंवा महाद्वार रोडलगतच्या कित्येक बोळांत ट्रॉली वळत नाही. तिथे छोट्या गाडीचाच हिशेब धरावा लागतो आणि फेरीचा दर आधीच ठरवावा लागतो. ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर सगळे कारखान्याच्या वाटेला असतात, तेव्हा ट्रॉली आठ-आठ दिवस मिळत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत गाडी आणणे विसरा. तोडफोडीची तारीख ठरवताना हे दोन्ही पाहा.

"न्यायला कुणी तयारच होत नाही"

बहुतेक ढीग इथेच अडतो. शहराभोवती घरांची जोती भरायला आणि शेतरस्त्यांचे खड्डे बुजवायला भरणी हवी असणारे लोक कायम असतात. पण ते येतात, ढिगातून डोकावणारी प्लास्टिकची पिशवी, पीओपीचे पांढरे तुकडे आणि दाराची फळकुटे बघतात आणि परत जातात. तोच माल वेगळा केलेला असता तर त्यातला निम्मा ते स्वतःच्या गाडीने घेऊन गेले असते.

वेगळे करणे फोडतानाच होते. फोडायचा क्रम उलटा लावला की काम आपोआप सोपे होते. आधी विजेचे सामान आणि नळ, मग दारे-खिडक्या, मग पीओपीचे छत, मग टाइल्स आणि सगळ्यात शेवटी भिंत. प्रत्येक टप्प्याचा माल त्याच दिवशी वेगळ्या कोपऱ्यात किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत जाऊ द्या. बिगाऱ्याला यासाठी फार तर एखाद्या रोजाचे जास्त काम पडते. ते पैसे मी मालकांकडून आधीच मान्य करून घेतो, कारण ते न दिल्यास सगळे पुन्हा एकाच ढिगात जाते.

लोखंड, अॅल्युमिनियम, वायर, जुने नळ भंगारवाला नेतो आणि पैसे देतो. वायरवरचे प्लास्टिक काढायला ती कुणाला जाळू देऊ नका, धूर विषारी असतो.

लाकडाचे दोन भाग करा. सागवानी तुळया, खांब, कडीपाटाच्या (लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्याच्या) फळ्या, जुनी चौकट यांना चांगली मागणी आहे. टिंबर मार्केटच्या बाजूला चौकशी केली तर माणूस घरी बघायला येतो. कुजकी, वाळवी लागलेली आणि ऑइलपेंटचे थरावर थर चढलेली लाकडे वेगळी ठेवा. आपल्याकडे अजून कित्येक घरांत बंब पेटतो आणि असली फळकुटे सरळ बंबात जातात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आणली, त्याआधीच्या रंगांवर असा कडक लगाम नव्हता. रंगवलेले लाकूड बंबात किंवा चुलीत घालू नका आणि कोरड्या पॉलिश पेपरने घासूही नका. घरात लहान मूल असेल तर हे फारच सांभाळा.

शहाबादी, कडप्पा, काळा दगड, अख्खी मंगलोरी कौले ही खरमाती नव्हेच. कडप्प्याच्या फळ्यांचे मांडण्यांसाठी गिऱ्हाईक लगेच मिळते, कौले गोठ्याला जातात. पण त्यासाठी ती पहारीने हळू सुटी करावी लागतात. घण घातला की संपले.

विटा साफ निघाल्या तर परत वापरता येतात. तुकडे गच्चीच्या कोब्याला (पाणी गळू नये म्हणून घालतात त्या थराला) चालतात. मात्र लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेली वीट पुन्हा घेऊ नका, नव्या गिलाव्यालाही लोणा धरतो. स्वच्छ काँक्रीट आणि विटांचा माल जोत्याच्या भरणीला उत्तम. काँक्रीट भरडून केलेली खडी तर नव्या कामातही चालते. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने ती साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ पर्यंतच्या (हा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम १५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरायला मान्यता दिली आहे. घरच्या कामात एवढ्या खोलात कुणी जाणार नाही, पण 'हा टाकाऊ माल आहे' असे म्हणणाऱ्या मिस्त्रींना सांगायला उपयोगी पडते.

पीओपी आणि जिप्समचे तुकडे काही झाले तरी भरणीत जाऊ देऊ नका. त्यातले सल्फेट ओलाव्यात काँक्रीटला खाते, आणि कचऱ्यात हवेशिवाय दबून राहिले तर त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू तयार होतो. हे वेगळ्या पोत्यांत, कोरडे ठेवायचे. वाड्याच्या भिंतीतली पांढरी मातीसुद्धा भरणीला नको, कारण ती पाणी पिऊन बसते. तिच्यात सिमेंट मिसळले नसेल तर जुन्या मातीच्या भिंतींच्या डागडुजीला ती सोन्यासारखी आहे.

एवढे केल्यावर खरा टाकायचा माल फारच थोडा उरतो. तो घेऊन जायच्या जागेसाठी महापालिकेच्या तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयात जा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी ही चार कार्यालये आहेत. तिथे आरोग्य निरीक्षकांना भेटून खरमाती कुठे पोचवायची आणि शुल्क किती, हे काम सुरू होण्याआधी विचारा. पूर्ण घर पाडायचे असेल किंवा भिंती, खांब हलवायचे असतील तर नगररचना विभागाची परवानगी लागते. ती मिळवतानाच खरमातीचेही बोलून घ्या.

भरणीसाठी कुणी माल मागितला तर जागा एकदा डोळ्यांनी पाहून या. नदीकाठचा, निळ्या पूररेषेच्या आतला प्लॉट असेल तर फुकट नेतो म्हटले तरी देऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. ती जागा पाण्यासाठी मोकळी राहिलीच पाहिजे.

चेंबर तुंबले

याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी बाथरूमची तोडफोड असते. टाइलमागचा बारीक मसाला नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडातून) आत जातो, वरून बिगारी घमेली धुतो, आणि सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. मग पाइप फोडण्याशिवाय इलाज राहत नाही.

फोडायला सुरुवात करण्याआधी ट्रॅप, कमोडचे तोंड आणि वॉश बेसिनचा पाइप यांत गोणपाट कोंबा, वर प्लास्टिक बांधा. हत्यारे बॅरलमध्ये धुवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचे पाणी झाडाला आणि खालचा गाळ वाळवून पोत्यात. बाहेरच्या ढिगाभोवती विटांचा एक थर आणि वर ताडपत्री. चेंबर आधीच तुंबले असेल तर वरून बादल्या ओतू नका, त्याने गाळ पुढच्या चेंबरमध्ये जाऊन बसतो. आधी हाताने गाळ उपसून घ्या, तोही हातमोजे घालून.

वरच्या मजल्यावरचा ढीग

'खाली नेऊ संध्याकाळी' म्हणून हॉलच्या मधोमध ढीग लावला जातो. राहत्या खोलीचा स्लॅब इमारतींवरच्या भारासाठीच्या आयएस ८७५ या मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. खरमातीचा अर्धा फूट उंचीचा ढीग तेवढ्याच जागेत जवळपास १९५ किलो भरतो. म्हणजे अर्ध्या फुटावरच मर्यादा गाठली. गुडघाभर ढीग त्याच्या तिप्पट होतो. त्यावर माणसे आणि घणाचे हादरे वेगळे. जुन्या वाड्याच्या कडीपाटावर तर घमेलेभरही साठवू नका, निघेल तसे खाली जाऊ द्या.

भरलेले सिमेंटचे पोते ४० ते ५० किलोचे होते. ती पोती भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत पसरून ठेवा, एकावर एक रचू नका. खाली सोडायला रस्सी आणि कप्पी, किंवा बूड कापलेले प्लास्टिकचे पिंप साखळीने एकात एक जोडून केलेली नळी. नळीच्या तोंडाशी ओले गोणपाट टाका. खिडकीतून मोकळे फेकणे कधीच नको, खाली माणूस उभा केला तरी नको. फ्लॅटमध्ये लिफ्ट वापरणार असाल तर सोसायटीशी आधी बोला आणि दाराच्या खाचेवर फळी टाका, बारीक खडा अडकून लिफ्ट बंद पडण्याची भांडणे मी पुष्कळ सोडवली आहेत.

धूळ

शेजाऱ्यांची तक्रार कपड्यांवरच्या धुळीची असते. मला चिंता वाटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीची. ग्रॅनाइटचा ओटा, व्हिट्रिफाइड टाइल आणि नदीच्या वाळूचा गिलावा यांत क्वार्ट्झ असते. ते कटरने कोरडे कापले की सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. आपल्या घरात आठ दिवस काम चालते, पण कटर धरणारा पोरगा वर्षभर तेच करतो.

कटरवर पाण्याची बारीक धार असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. भिंत फोडायच्या आधी आणि मधूनमधून पाणी शिंपडा, भिजवून चिखल करू नका. माणसांना एन ९५ मास्क द्या. तोंडाला गुंडाळलेला रुमाल हे कण अडवत नाही. झाडू मारण्याआधीही पाणी शिंपडायला सांगा. मास्कचा खर्च कंत्राटदाराने करायचा की मालकाने, यावर वाद घालण्यापेक्षा तुम्हीच पाकीट आणून ठेवा.

सिमेंटचे पत्रे

परसातली शेड, जुना माळा, पार्किंग यांवरचे राखाडी, नालीदार सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. अख्खे असताना त्यांचा त्रास कमी. फोडले, ड्रिल मारले, वरून टाकून तुकडे केले की त्यातले तंतू हवेत जातात. ते श्वासातून आत गेले तर कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून इथे घाई अजिबात नको. पत्रे पाण्याने पूर्ण भिजवा, बोल्ट काढून अख्खेच उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि वर ठळक लिहा. साधा एन ९५ इथे अपुरा आहे, पी १०० दर्जाचा मास्क हवा. काम झाल्यावर कपडे वेगळे धुवा. हे पत्रे कुणालाही भरणीसाठी देऊ नका, शेतात बांधाला लावायलाही नको. पुढे कुठे पाठवायचे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारून ठरवा, तोवर गुंडाळलेले पत्रे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवा.

ढीग गेला, पण नोटीस आली

खरमातीत घराचा माग राहतो. लाइटबिलाचा कागद, टाइलच्या खोक्यावरचा पत्ता, जुनी नेमप्लेट. नाल्याकाठी सापडलेल्या ढिगातून असला कागद निघाला की विचारणा तुमच्याकडे होते आणि गाडीवाल्याचा फोन तेव्हा लागत नाही.

म्हणून खरमातीचा व्यवहार मिस्त्रींच्या एकरकमी आकड्यातून बाहेर काढा. गाडीवाल्याशी स्वतः बोला आणि साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: गाडीचा नंबर, फेऱ्या, माल कोणता, उतरवायची जागा. जागेचा मालक खासगी असेल तर त्याचीही सही. दर फेरीनंतर माल उतरवल्याचा फोटो मोबाइलवर मागा, त्यात आजूबाजूचा रस्ता दिसला पाहिजे. महापालिकेच्या जागेवर पावती मिळाली तर ती जपून ठेवा. निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटचा फोटो आल्यावर. चांगले गाडीवाले याला नाही म्हणत नाहीत. जो म्हणतो त्याला तुमची खरमाती कुठे न्यायची होती ते तिथेच कळते. नोटीस आलीच तर तो कागद आणि फोटो घेऊन त्याच दिवशी विभागीय कार्यालयात जा आणि आपल्या म्हणण्याची पोच घ्या.